नासिरभाईंचे त्रेचाळीस थांबे

आमच्या कंपनीच्या पुण्याच्या हेड ऑफिसात बसणाऱ्या मंडळींना लातूर-नांदेड रस्ता म्हणजे कॉम्प्युटरवरची एक निळी रेघ वाटते. त्या रेघेवर चाकूरचे खड्डे नसतात, अहमदपूरच्या स्टँडसमोर आडव्या लावलेल्या जीपा नसतात, लोह्याच्या बाजारादिवशी रस्त्यात बसकण मारणाऱ्या म्हशी तर नसतातच. दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात 'गोदातीर रोडलाइन्स'ने आपल्या सहाशे गाड्यांना जीपीएसचे डबे बसवले, आणि ऑगस्टात लातूर शाखेत एक कागद आला. नासिर शेख, ड्रायव्हर. जुलै महिन्यातले विनाकारण थांबे, त्रेचाळीस. आठ दिवसांत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा एक तारखेपासून गुवाहाटी लाइन.

तो कागद माझ्याकडे आला, कारण कुठली गाडी कधी सुटली आणि कधी पोचली हे लिहून ठेवायचं काम माझं. मी सिंधु. ऑफिसात एकवीस पुरुष आणि एक मी, त्यामुळे माझा आवाज जरा मोठा झाला आहे असं घरचे म्हणतात. राग आला की मला चहा लागतो. त्या दिवशी तीन लागले.

गुवाहाटी लाइन म्हणजे काय ते सांगते. एकदा लातूरहून निघालेला माणूस बावीस-पंचवीस दिवसांनी घरी येतो, आंघोळ करून झोपतो, आणि उठेपर्यंत पुढची गाडी भरून तयार असते. नांदेड लाइन म्हणजे त्याच्या बरोब्बर उलट. सकाळी सातला भरलेली गाडी घेऊन निघायचं, ती नांदेडच्या डेपोत सोडायची, तिथं भरून उभी असलेली दुसरी घ्यायची आणि संध्याकाळी सातला लातुरात हजर. रात्रीचं जेवण घरी. ही लाइन मिळावी म्हणून आमचे ड्रायव्हर एकमेकांच्या पायात पाय घालतात. नासिरभाईंनी चार वर्षं अर्ज केले तेव्हा कुठे ती त्यांना मिळाली होती, आणि मिळून पुरते तीन महिनेही झाले नव्हते.

त्यांना ती का हवी होती, हे लातुरात वेगळं सांगावं लागत नाही. त्यांची उजमा अकरावीला गेली होती. दहावीला तिनं असे मार्क पाडले की शेजारपाजारचे लोक पेढे मागायला यायच्याऐवजी मार्कलिस्ट बघायला आले. मग काय, ट्यूशन! सगळ्या महाराष्ट्राची लेकरं पेटी-वळकटी घेऊन आमच्या गावात येतात, तर गावातल्याच पोरीनं काय पाप केलंय? पहाटे सहाची फिजिक्सची बॅच. नासिरभाई तिला स्कूटरवर सोडायचे, बाहेर टपरीवर उभे राहून इतर बापांबरोबर 'यंदा कटऑफ किती लागेल' यावर गंभीर चर्चा करायचे, आणि मग गाडीवर यायचे. कटऑफ म्हणजे नेमकं काय हे त्यांना कळत नव्हतं. इतर बापांनाही कळत नसावं.

माणूस तसा बघण्यासारखा. मूळचे कंधारचे, उंच, किडकिडीत, मेंदी लावलेले केस. वजनकाट्यावर गाडी चढवायच्या आधी खिशातून कंगवा काढून भांग पाडणार, जणू काटा गाडीचा नाही, यांचाच फोटो काढणार आहे. चहा बिनसाखरेचा, पण शर्टाच्या खिशात गुळाचा खडा. कंपनीत वीस वर्षं, आणि गाडीला साधा ओरखडा नाही. एकच खोड होती, ती मला हातमोज्यांवरून कळली. कंपनी ड्रायव्हरला वर्षाला जाड कापडाच्या हातमोज्यांचा एक जोड देते. नासिरभाईंना चार लागायचे.

"भाई, तुम्ही स्टिअरिंग धरता का चावता?" असं मी एकदा विचारलं होतं.

"दगड उचलून राहिलो ताई, दुसरं काय," ते म्हणाले आणि हसले.

ट्रकवाल्यांची एक रीत आहे. गाडी रस्त्यात बंद पडली की मागून येणाऱ्याला कळावं म्हणून गाडीच्या मागं, बाजूनं मोठे दगड मांडायचे. रीत चांगली. पण गाडी दुरुस्त झाली की ड्रायव्हर चढतो आणि निघून जातो, दगड तिथंच. उशीर झालेला असतो, हात काळे झालेले असतात, डोकं तापलेलं असतं. कोण उचलतंय? मग मागून मोटारसायकलवरनं कुणी गडी बायको-लेकरांना घेऊन येतो आणि त्या दगडांवर जातो. नासिरभाई असले दगड दिसले की गाडी बाजूला घ्यायचे, उतरायचे, एकेक दगड उचलून पार नालीत टाकायचे. त्रेचाळीस थांबे ते हेच.

मला वाटलं, मग काय अवघड आहे. मी दोन ओळी टाइप करून पाठवल्या. दुसऱ्या दिवशी पुण्याहून साहेबांचा फोन आला. आवाजावरून तीस वर्षांचेही नसावेत.

"मॅडम, महिन्यात त्रेचाळीस वेळा दगड? आपली कंपनी आहे की बांधकाम खातं? असे थांबे म्हणजे डिझेल काढणं असतं, नाहीतर प्रवासी भरणं. खरं कारण लिहून द्या. आणि जबाबदार माणसाची साक्ष पाहिजे. ड्रायव्हरचं ड्रायव्हरनं सांगितलेलं चालणार नाही."

त्या दिवशी नासिरभाईंची आठवड्याची सुट्टी होती, तरी ते येऊन समोरच्या बाकावर बसले होते. मी फोन ठेवला आणि म्हटलं, "भाई, निदान हे आठ दिवस तरी थांबू नका. डबा सगळं बघतोय."

"दगडाला काय कळतंय ताई, खुलासा चालू हाय म्हणून?" ते म्हणाले. मग म्हणाले, "मला गुवाहाटीला जायचं न्हाई. एकदा झालं तेवढं बास हाय."

आणि त्यांनी मला अबुजरची गोष्ट सांगितली. अबुजर त्यांचा थोरला, आता हैदराबादेत एसी दुरुस्त करतो. तो तीन वर्षांचा असताना नासिरभाई लांबच्या लाइनवर होते. अठ्ठावीस दिवसांनी घरी आले. पोरासाठी लाकडी बैलगाडी आणली होती. दारात उभे राहिले तर अबुजर त्यांच्याकडे बघून आत पळाला आणि दिलशादभाभींच्या पदरामागं लपून ओरडला, "अम्मी, कोई ट्रकवाला आया!"

"सगळे हसले," नासिरभाई म्हणाले. "मी बी हसलो. आन् मग मोरीत जाऊन लई वेळ तोंड धुत बसलो."

मला हसू येईना. त्यांना गुवाहाटीला पाठवलं तर मी त्या पुण्याच्या साहेबाला काय काय ऐकवीन याची मी मनातल्या मनात यादी करत होते.

"साक्ष अप्पांची घेऊ," मी म्हटलं. "त्यांच्यासारखा अर्ज अख्ख्या लातुरात कोणी लिहीत नाही."

नासिरभाईंचा चेहरा असा पडला की मला वाटलं, त्यांना चक्कर आली.

चंद्रप्पा म्हणजे अप्पा. आमच्या ऑफिससमोर त्यांचं किराणा दुकान. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, नाकावर चष्मा, आणि उजवा पाय गुडघ्यातून वाकत नाही म्हणून पुढे पसरलेला. हॉस्टेलच्या पोरांना मॅगी, वह्या आणि उपदेश या तीन गोष्टी एकाच गल्ल्यावरून मिळतात. भूकंपाआधी अप्पा निलंग्याकडे शेती करायचे आणि त्यांना एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पाय मोडला, शेती भावाकडे गेली, आणि अप्पा कायमचे बसले.

तो पाय कसा मोडला हे आमच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही पाठ आहे. त्र्याण्णवचा भूकंप होऊन तीन दिवस झाले होते. अप्पांची बहीण लामजन्याला. तिच्याकडे पोह्याचं पोतं घेऊन अप्पा लुनावरून निघाले. औसा सोडलं, पाऊस भुरभुरत होता, आणि रस्त्यात कुण्या ट्रकवाल्यानं मांडून तसेच सोडलेले दगड. लुना नालीत, पोहे चिखलात, पाय तीन ठिकाणी. तासभर पडून होते. रस्त्यावरनं मदतीच्या गाड्या पळत होत्या, सगळ्यांचं लक्ष किल्लारीकडे. शेवटी किल्लारीला पत्रे टाकून परत येणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, त्यानं अप्पांना लेकरासारखं उचललं, लातूरच्या दवाखान्यात आणलं. तिथं पाय ठेवायला जागा नाही, व्हरांड्यात जखमी झोपवलेले. तो ड्रायव्हर दोन दिवस अप्पांच्या उशाशी बसून राहिला. तो नासिर. तेव्हापासून अप्पांच्या घरच्या पंचमीला, दसऱ्याला, लेकीच्या लग्नाला पहिलं बोलावणं नासिरला, आणि उजमाच्या शाळेचा प्रत्येक फॉर्म अप्पांच्या अक्षरात.

आणि तेव्हापासूनच, पाय दुखला की अप्पा त्या दगडवाल्या अनोळखी ड्रायव्हरला शाप द्यायचे. पाय रोजच दुखायचा, त्यामुळे शापांत भरपूर विविधता आली होती. "त्याच्या गाडीची साही टायरं एका वक्ताला बसू दे. त्याच्या चहात रोज माशी निघू दे. घरी गेल्यावर त्याच्या लेकरानं त्याला ओळखू नाही." मी हे दहा वर्षं ऐकत होते. नासिरभाई समोर बसून गूळ चघळत "हाव अप्पा, हाव," करायचे.

तर त्या संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी नासिरभाईंना जवळजवळ ओढतच समोर नेलं. अप्पांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहराच खुलला.

"दगड उचलतोस? आन् मला कधी सांगितलं न्हाईस? अरं, तुझ्यावाणी एक जरी माणूस त्या दिवशी माझ्या पुढं गेला असता तर हा पाय शाबूत राहिला असता!" त्यांनी फुलस्केप कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि मोठ्यांदा बोलत लिहायला लागले. "माननीय व्यवस्थापक साहेब यांचे सेवेशी... सदर इसम... कधीपासून उचलतोस रं?"

"त्र्याण्णवपासून."

"कशापासून सुरुवात झाली? कारण लिहावं लागतंय."

नासिरभाई खिशातला गुळाचा खडा चाचपायला लागले. मी त्यांना कोपरानं ढोसलं. मला काय माहीत?

"अप्पा," ते म्हणाले, "ते दगड माझे होते."

"कुठले?"

"लामजन्याच्या अलीकडचे. माझी गाडी पंक्चर झालती. क्लीनर भूकंपाच्या भेवानं गावाकडं पळालता, मी एकटाच. गाडीत पत्रे होते, पाऊस लागलता, लोकं तिकडं उघड्यावर बसलेले. टायर बदललं आन् तसाच पळालो. येताना बघितलं तर तुम्ही पडलेले."

अप्पांनी चष्मा काढला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आन् मी अठरा वरसं शिव्याशाप देऊन राहिलो," ते हळू म्हणाले, "आन् तू समोर बसून हाव हाव करून राहिलास?"

"मग काय म्हणू अप्पा? खरंच होतं ते."

अप्पांनी पेनाला टोपण लावलं. कागदाची घडी केली, गल्ल्यात टाकली, काठी घेतली आणि संध्याकाळी सव्वापाचला, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला, दुकानाचं शटर ओढलं.

पुढचे पाच दिवस अप्पा ऑफिसच्या दिशेला तोंडसुद्धा करेनात. खुर्ची फिरवून बसले होते. नासिरभाई रोज सातला गाडी लावायचे, समोर बघायचे, अप्पांची पाठ बघायचे आणि घरी जायचे. पोरं मॅगी मागायला आली की अप्पा मॅगी द्यायचे, उपदेश द्यायचे नाहीत. उजमाला काही माहीत नव्हतं. ती क्लासवरून येताना नेहमीसारखी दुकानात जायची, तिथंच पायरीवर बसून अब्बांची वाट बघत गणितं सोडवायची. अप्पा तिला वही द्यायचे आणि दुसरीकडे बघायचे. एवढं मात्र खरं की तिला उठ म्हणाले नाहीत.

सहाव्या दिवशी मला राहवलं नाही. मुदत संपायला एकच दिवस उरलेला. दुपारी दुकान रिकामं बघून मी समोर गेले आणि सरळ बोलायला लागले.

"अप्पा, तुमचा पाय मोडला, तुम्ही रागवा, तुमचा हक्क आहे. पण तुमचे शाप फुकट गेले असं समजू नका. एक लागलाय."

"कुठला?" अप्पांनी खुर्ची न फिरवता विचारलं.

मी त्यांना अबुजरची गोष्ट सांगितली. लाकडी बैलगाडी, दार, पदर, 'कोई ट्रकवाला आया' सगळं. आणि म्हटलं, "पंच्याण्णव साली झालं हे. त्या माणसाला वाटतं, तुमचाच शाप लागला. पुढच्या लेकराला लागू नये म्हणून तो अजून रस्त्यातले दगड उचलतोय. आता गुवाहाटीला गेला की उजमाची दोन्ही वर्षं गेली."

हे शाप लागल्याचं मी माझ्या मनचं घातलं होतं. नासिरभाई असं कधी म्हणाले नव्हते. पण त्यांनी मोरीत तोंड धुतल्याचं सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मी ते बघितलं होतं, आणि मला खात्री होती.

अप्पांची पाठ तशीच होती. मग ते म्हणाले, "अगं, ते मी बोलायचं म्हणून बोलत होतो. लेकराचं कोण मनापासून बोलतंय?" त्यांनी गल्ला उगाच उघडला आणि बंद केला. मला एकदम वाईट वाटलं आणि मी निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला काठीचा आवाज आला. आमच्या ऑफिसला तीन पायऱ्या आहेत. त्या चढाव्या लागतात म्हणून अप्पा दुकान टाकल्यापासून एकदाही ऑफिसात आलेले नव्हते. एकेका पायरीवर पाय ओढत ते वर आले, माझ्यासमोर बसले आणि फुलस्केप कागद पुढे केला. त्यांच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

'मी चंद्रप्पा, किराणा दुकानदार, राहणार लातूर, लिहून देतो की सन १९९३ साली आपले ड्रायव्हर नासिर यांनी भूकंपाचे मदतीचे घाईत औसा ते लामजना रस्त्यावर दगड तसेच ठेवले व त्यावर पडून माझा उजवा पाय मोडला. त्यांनीच मला उचलून दवाखान्यात नेले. तेव्हापासून ते दिसेल तो दगड उचलतात. माझी काही तक्रार नाही. असलीच तर ती आम्हा दोघांतली आहे, कंपनीने त्यात पडू नये. त्यांना रोज घरी येण्याची लाइन ठेवावी. पाय बघावयाचा असल्यास दुकान सकाळी सात ते रात्री नऊ उघडे असते.'

"अप्पा, हे असं पाठवलं तर कंपनी उलट त्यांच्यावरच कारवाई करेल," मी म्हटलं.

"करू दे की. मी पुण्याला जातो पाय घेऊन," अप्पा म्हणाले. "पाठव."

मी फॅक्स केला. दुपारी साहेबांचा फोन. "मॅडम, हे खरं आहे?" मी म्हटलं, "दुकान नऊपर्यंत उघडं आहे, या." पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "थांब्याच्या कारणांत 'इतर' असा रकाना आहे. तिथं लिहीत जा." नांदेड लाइन राहिली. मी आजही त्या रकान्यात दर महिन्याला 'दगड' लिहिते आणि पुढे आकडा टाकते. गेल्या महिन्यात एकोणतीस होते. रस्ता सुधारतोय, किंवा बाकीचे ड्रायव्हर.

त्या संध्याकाळी सातला नासिरभाईंनी गाडी लावली आणि सवयीनं समोर बघितलं. अप्पांची खुर्ची सरळ होती. पाय पुढे पसरलेला, हातात चहाचा पेला. पायरीवर उजमा वहीत डोकं खुपसून बसलेली. नासिरभाई रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, पुढे जावं की न जावं. हातात ते फाटके मोजे तसेच.

अप्पांनी हाक मारली, पण त्यांना नाही.

"उजमा, ए लेकरा. वर बघ. हा कोण आलाय, ओळखतीस का?"

उजमानं मान वर केली, बापाकडे बघितलं, अप्पांकडे बघितलं. "अब्बा हायत की, अप्पा. असं काय विचारता?"

"बरं बरं," अप्पा म्हणाले. "नीट बघितलंस न्हवं?"

नासिरभाईंनी तोंड फिरवलं आणि उगाच गाडीच्या टायरला लाथ मारून हवा बघितली. मग येऊन पायरीवर उजमाशेजारी बसले. अप्पांनी दुसरा पेला पुढे सरकवला, बिनसाखरेचा.

शाप मात्र त्या दिवसापासून बंद झाले. त्याऐवजी रोज सातला गाडी वळली की अप्पा उजमाला तेच विचारायचे. दोन वर्षं, एकही दिवस न चुकता. बारावीच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा. तोवर ती वहीतून मान वर न करताच म्हणायची, "ओळखलं, अप्पा. माझेच हायत."